खाटेवरून मैदानाकडे

मणका मोडलेल्या माणसाचे आयुष्य काही आठवड्यांचे, असे वैद्यकशास्त्रच मानत होते, त्या काळात डॉ. लुडविग गुटमन यांनी हे गृहीतक झुगारून दिले. रुग्णाला खाटेवरून चाकांच्या खुर्चीत आणि खुर्चीतून मैदानावर आणणाऱ्या या जिद्दी डॉक्टरांच्या आयुष्याचा आणि त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीचा हा वेध.

1917 साल. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. तेव्हा जर्मनीत असलेल्या अप्पर सायलेशियाच्या कोळसापट्ट्यातील क्योनिग्सह्यूटे गावी खाणकामगारांसाठी अपघात रुग्णालय होते. तेथे एके दिवशी धिप्पाड शरीरयष्टीचा एक तरुण खाणकामगार आणला गेला. त्याचा कणा मोडला होता आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले होते. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरच्या कवचात बसवले, खाटेभोवती पडदा ओढला आणि ते पुढच्या रुग्णाकडे वळले. रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करणारा एक तरुण मात्र या रुग्णाच्या प्रकृतीची नोंद ठेवू लागला. वरिष्ठांनी त्याला समजावले, की या रुग्णासाठी एवढा त्रास घेण्यात अर्थ नाही. हा काही आठवड्यांचाच सोबती आहे. अंदाज खरा ठरला. पाच आठवड्यांत तो खाणकामगार मरण पावला. त्याचा जीव मोडलेल्या कण्याने घेतला नव्हता. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग आणि पाठीवर चिघळलेले व्रण यांचे विष रक्तात भिनून तो गेला होता. नोंद ठेवणाऱ्या तरुणाचे नाव लुडविग गुटमन. त्या पडद्याआडच्या खाटेने पुढे आयुष्यभर त्यांची पाठ सोडली नाही.

ब्रेस्लाऊचे दिवस

गुटमन यांचा जन्म 3 जुलै 1899 रोजी टोस्ट या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये असून तोशेक या नावाने ओळखले जाते. लुडविग लहान असतानाच कुटुंब क्योनिग्सह्यूटेला आले. 1918 मध्ये त्यांनी ब्रेस्लाऊ येथे वैद्यकीय शिक्षणाला प्रारंभ केला आणि पुढे फ्रायबर्ग येथून 1924 मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. त्यानंतर ब्रेस्लाऊमध्ये ओटफ्रिड फोर्स्टर या त्या काळातील आघाडीच्या मज्जातंतुतज्ज्ञाच्या हाताखाली काम करण्याची संधी त्यांना मिळाली. फोर्स्टर कमालीचे कष्टाळू आणि तितकेच कडक होते. रुग्णाचे बारकाईने निरीक्षण करण्याची आणि थकवा न मानण्याची सवय गुटमन यांना येथेच लागली.

1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांची दारे बंद झाली. तिशी ओलांडलेल्या आणि नावारूपाला येत असलेल्या गुटमन यांना ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात जावे लागले. 1937 मध्ये ते तेथील वैद्यकीय प्रमुख झाले. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेली, दुकाने फोडली गेली आणि हजारोंची धरपकड झाली. त्या रात्री गुटमन यांनी रुग्णालयातील सर्वांना आदेश दिला, की दारात येणाऱ्या प्रत्येकाला कोणताही प्रश्न न विचारता दाखल करून घ्यावे. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी जाब विचारायला आले. गुटमन त्यांना घेऊन खाटेखाटेपाशी गेले आणि प्रत्येक माणसाला कोणता आजार आहे ते त्यांनी छातीठोकपणे सांगितले. त्यातले अनेक आजार जागच्या जागी सुचलेले होते. दाखल झालेल्या 64 पैकी 60 जण त्या दिवशी अटकेतून वाचले.

यानंतर जर्मनीत राहणे अशक्य होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या एका मित्रावर उपचार करण्यासाठी नाझी सरकारनेच त्यांना लिस्बनला जाण्याची परवानगी दिली. परतीच्या वाटेवर लंडनमध्ये निर्वासित विद्वानांना साहाय्य करणाऱ्या संस्थेशी त्यांची बोलणी झाली. 14 मार्च 1939 रोजी पत्नी एल्स, मुलगा डेनिस आणि मुलगी इव्हा यांच्यासह गुटमन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. चाळिशीच्या उंबरठ्यावर भाषा, घर आणि हुद्दा या साऱ्यांची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून करायची होती. ऑक्सफर्डमध्ये त्यांना संशोधनाचे काम मिळाले. पण रुग्णांपासून दूर राहण्याची खंत त्यांना जाचत होती.

पंचविसेक खाटांचा संसार

1943 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. युरोपच्या मुख्य भूमीवर फौजा उतरवण्याची तयारी सुरू होती आणि मणक्याला गोळी लागून अपंग होणाऱ्या सैनिकांची संख्या वाढणार हे दिसत होते. पहिल्या महायुद्धात अशा जखमींपैकी सुमारे 80 टक्के जण दगावले होते. या रुग्णांसाठी लंडनच्या वायव्येला, एल्सबरी गावाजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात स्वतंत्र विभाग काढायचा होता. हे काम म्हणजे हरलेली लढाई, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत होते. गुटमन यांनी होकार दिला. मात्र उपचार आपल्या पद्धतीने करू दिले जातील, ही अट घातली. 1 फेब्रुवारी 1944 रोजी युद्धकाळात उभारलेल्या बैठ्या बराकीत पंचविसेक खाटांचा हा विभाग सुरू झाला.

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा खरा शत्रू कोण, हे गुटमन 1917 मध्येच शिकले होते. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलत असतो. एका जागी फार वेळ दाब पडला, की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, कातडी कुरकुरते आणि मेंदू आपोआप हालचाल करवतो. मज्जारज्जू तुटला, की ही कुरकूर मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. माणूस त्याच कुशीवर पडून राहतो, कातडी आणि खालचे मांस मरते आणि त्यातून हाडापर्यंत जाणारी जखम होते. तिला दुखणे नसते, म्हणून ती लक्षातही येत नाही. मूत्राशयाचेही तसेच. ते वेळच्या वेळी आणि जंतुविरहित पद्धतीने रिकामे केले नाही, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो.

गुटमन यांचा उपाय ऐकायला अगदी साधा होता. प्लास्टरची कवचे काढून टाकायची, अंगाखाली मऊ उशा द्यायच्या आणि प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. दिवसा आणि रात्रीही, एकही पाळी न चुकवता. साधे काम अखंड करत राहणे फार अवघड असते, याची त्यांना जाणीव होती. म्हणून मध्यरात्री अचानक बराकीत येऊन कूस बदलली गेली आहे की नाही, हे ते स्वतः पाहत. मूत्रनलिका बसवण्याचे काम नवख्यांवर न सोडता डॉक्टरांनी करावे, असा त्यांचा आग्रह असे. परिचारिका आणि सेवक यांना हा परदेशी उच्चारांचा, तापट डॉक्टर सुरुवातीला जाचक वाटला. मात्र जुने व्रण भरू लागले, ताप उतरू लागले आणि मरण्यासाठी पाठवलेली माणसे जगू लागली, तशी कुरबुर ओसरली. रुग्ण त्यांना प्रेमाने पॉपा म्हणू लागले.

जगणे ही पहिली पायरी झाली. पुढची पायरी कामाची होती. जो माणूस वाचला, तो पडदा पाहत पडून राहणार असेल तर वाचवून काय साधले, असा गुटमन यांचा सवाल होता. रुग्णालयात सुतारकाम, घड्याळ दुरुस्ती अशा कामांचे वर्ग सुरू झाले. आपला रुग्ण नोकरी करणारा, कर भरणारा नागरिक म्हणून घरी गेला पाहिजे, हे त्यांचे ध्येय होते. तिथवर पोहोचण्याचे वाहन होते चाकांची खुर्ची.

खुर्चीत बसणे ही विद्या

खुर्चीत बसायला काय शिकायचे, असे चालत्याफिरत्या माणसाला वाटते. महिनोन्‌महिने आडवा असलेला रुग्ण एकदम उठून बसला, तर रक्तदाब कोसळून त्याला भोवळ येते. म्हणून आधी खाटेवर थोडे थोडे उठवायचे, मग बसवायचे. कमरेखालची जाणीव नसल्यामुळे आपण सरळ बसलो आहोत की कलंडलो आहोत, हेही त्याला कळत नाही. स्टोक मँडेव्हिलमध्ये रुग्णाला आरशासमोर बसवून तोल सावरायला शिकवत. शरीराने दिलेली खबर बंद झाली, म्हणून डोळ्यांनी ती घ्यायची. त्याच वेळी दंड, खांदे आणि पाठ यांचे स्नायू व्यायामाने कमावले जात. कारण यापुढे पायांचे काम त्यांनाच करायचे होते.

खाटेवर जो धोका होता, तोच वेगळ्या जागी खुर्चीतही होता. बसलेल्या माणसाचे बरेचसे वजन नितंबांतील दोन हाडांवर येते. खाटेवर परिचारिका कूस बदलत असे. खुर्चीत ते काम स्वतः करायचे. दोन्ही हात टेकून थोड्या थोड्या वेळाने अंग उचलायचे, दाब मोकळा करायचा आणि पुन्हा बसायचे. दर दोन तासांचा नियम रुग्णाच्या स्वतःच्या अंगवळणी पडणे, हेच गुटमन यांच्या शिक्षणाचे मर्म होते. रुग्णालय सोडल्यावर मध्यरात्री तपासायला पॉपा येणार नव्हते.

खुर्ची स्वतःही बदलत होती. अमेरिकेत खाण अपघातात कणा मोडलेले हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्यांचे अभियंता मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी 1933 मध्ये पोलादी नळ्यांची, फुलीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्यांवर घडी होणारी खुर्ची तयार केली. ती मोटारीत ठेवता येत असे. आज जगभर रुग्णालयांच्या दारात दिसणाऱ्या घडीच्या खुर्च्या याच वंशातल्या. खुर्ची कितीही सुधारली, तरी ती चालवण्याची आणि निगा राखण्याची शिस्त मात्र बसणाऱ्यालाच शिकावी लागते. मणक्याच्या रुग्णांची पुनर्वसन केंद्रे आज ती शिस्त पहिल्या आठवड्यांपासून शिकवतात.

तिचे नियम साधेच आहेत आणि ते मोडल्याचे परिणाम गंभीर. खाटेवरून खुर्चीत किंवा खुर्चीतून मोटारीत जाताना दोन्ही ब्रेक लावलेले हवेत आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचललेल्या किंवा बाजूला केलेल्या हव्यात. पट्टीवर भार देऊन उठायला गेले, तर खुर्ची पुढे उलटते. पाठीमागच्या दांड्यांना जड पिशवी अडकवली, तर चढावर खुर्ची मागे उलटते. चढ चढताना अंग पुढे झुकवायचे, उतरताना मागे टेकायचे. उतार तीव्र असेल आणि मदतनीस सोबत असेल, तर त्याने खुर्ची उलटी धरून, स्वतः खालच्या बाजूला राहून सावकाश उतरवावी. पायऱ्यांवरून खुर्ची उचलताना हात सांगाड्यालाच घालावा. निघणारे हात किंवा पायपट्ट्या धरून उचलली, तर ते भाग हातात येतात आणि बसलेला माणूस खाली जातो. साडीचा पदर, ओढणी, शाल यांची टोके चाकांच्या आऱ्यांपासून दूर ठेवावीत.

निगा राखण्याचे कामही असेच. बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबला जातो. साहजिकच टायरमधील हवा कमी झाली, की ब्रेकची पकड सैल होते आणि लावलेला ब्रेकही खुर्ची रोखत नाही. पंप हाताशी असावा आणि हवा नियमित तपासावी. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि धागे गुंततात. ते काढले नाहीत तर चाक अडते आणि वेगात असलेली खुर्ची गचका देऊन थांबते. सैल झालेले नटबोल्ट, तुटलेली आरी, फाटलेले बैठकीचे कापड यांची दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर ढकलू नये. बसून बसून चपटी झालेली गादी बदलावी. उन्हात तापलेला धातूचा भाग जाणीव नसलेल्या मांडीला भाजतो आणि ते कळतही नाही. रोज रात्री आरसा धरून पाठीमागची कातडी पाहावी. कुठे लाली दिसली आणि ती उतरत नसेल, तर त्या जागेवर पुन्हा दाब येऊ देऊ नये. लालीच्या पायरीवर थांबवलेला व्रण रुग्णालयातील अनेक महिने वाचवतो.

काठ्या, चकती आणि धनुष्य

हे सारे शिस्त म्हणून शिकवले, तर माणूस कंटाळतो. 1945 च्या सुमारास गुटमन आणि त्यांचे व्यायामशिक्षक हिल यांनी यावर वेगळाच तोडगा काढला. दोघे स्वतः खुर्च्यांत बसले, चालायच्या काठ्या उलट्या धरल्या आणि बराकीतील मोकळ्या जागेत एक लाकडी चकती टोलवू लागले. चाकांच्या खुर्चीतील पोलोचा जन्म असा झाला. रुग्ण या खेळावर तुटून पडले. खुर्ची जागच्या जागी वळवणे, एकदम थांबवणे, धक्का सोसून तोल सावरणे, जी कौशल्ये व्यायाम म्हणून शिकायला आठवडे लागत, ती खेळाच्या ओघात हस्तगत होऊ लागली. खेळ फारच धसमुसळा होऊ लागला, तेव्हा तो बंद करून नेटबॉल आणि पुढे बास्केटबॉल आणण्यात आला.

यानंतर आले धनुर्विद्येचे युग. धनुष्य ताणताना नेमके तेच खांदे, दंड आणि पाठ कामाला लागतात, ज्यांच्या बळावर खुर्ची चालते आणि अंग उचलले जाते. शिवाय बसलेला धनुर्धर उभ्या धनुर्धराशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. 29 जुलै 1948 रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर 14 पुरुष आणि 2 महिला असे 16 अपंग माजी सैनिक दोन संघांत धनुर्विद्येची स्पर्धा खेळले. एक संघ स्टोक मँडेव्हिलचा, दुसरा रिचमंड येथील स्टार अँड गार्टर या सैनिकी निवासाचा. रुग्णांच्या प्रवासासाठी खास रचनेची बसही त्याच दिवशी रुग्णालयाला भेट मिळाली. तारखेची निवड सहज झालेली नव्हती. आपल्या रुग्णांचे खेळ एक दिवस ऑलिंपिकच्या तोलामोलाचे होतील, हे स्वप्न गुटमन उघडपणे पाहत होते. ऐकणारे तेव्हा मनात हसत असतील.

1952 मध्ये नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. 1960 मध्ये रोम ऑलिंपिकपाठोपाठ त्याच शहरात 23 देशांचे सुमारे 400 खेळाडू उतरले. आज याच स्पर्धेला पहिले पॅरालिंपिक मानले जाते. त्या स्पर्धेत मैदानाइतकीच झुंज निवासस्थानी द्यावी लागली. खेळाडूंच्या वाट्याला आलेल्या इमारती खांबांवर उभ्या होत्या आणि वर जायला जिने होते. इटालियन सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसह उचलून वरखाली नेले. जगातील सर्वोत्तम खुर्चीही जिन्यासमोर थांबते, हा धडा रोमने दिला. 1964 मध्ये टोकियोत खुर्ची पळवण्याची शर्यत आली आणि स्लॅलम नावाचा प्रकारही आला. उंचवटे, चढउतार आणि अरुंद वळणे यांच्या मार्गावरून घड्याळाशी स्पर्धा करत खुर्ची न्यायची, असा हा प्रकार. अडथळ्यांच्या शहरात रोज करावी लागणारी कसरत येथे पदकासाठी होती.

सांगलीचा जवान

1972 च्या स्पर्धा म्युनिकऐवजी हायडेलबर्गला झाल्या. म्युनिकची क्रीडानगरी ऑलिंपिक संपताच घरांसाठी दिली जायची होती. चाळीसहून अधिक देशांच्या या मेळाव्यात सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर उतरले होते. भारतीय लष्करातील हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जबर जखमी झाला होता. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. हायडेलबर्गला 50 मीटर मुक्त शैलीत 37.33 सेकंदांची विश्वविक्रमी वेळ नोंदवून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. भालाफेक आणि खुर्चीच्या स्लॅलममध्येही ते उतरले होते. देशाला त्यांची खरी ओळख पटायला मात्र फार उशीर झाला. पद्मश्री त्यांना 2018 मध्ये मिळाली. पुण्याजवळ खडकी येथे 1974 मध्ये जायबंदी जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले. उपचार, काम आणि खेळ ही स्टोक मँडेव्हिलची त्रिसूत्री तेथेही दिसते.

मतभेद आणि मान्यता

गुटमन यांच्याशी काम करणे सोपे नव्हते. ते हट्टी होते, एककल्ली होते आणि निर्णय स्वतःच्या हाती ठेवण्याची त्यांना सवय होती. अनेक वर्षे त्यांच्या स्पर्धा मणक्याच्या रुग्णांपुरत्याच राहिल्या. अंध आणि अवयव गमावलेल्या खेळाडूंना या मैदानावर यायला 1976 ची टोरांटो स्पर्धा उजाडावी लागली. खेळ हा उपचार की खेळाडूचा स्वतःचा हक्क, हा वादही पुढे उभा राहिला. डॉक्टरांच्या छत्राखाली वाढलेली चळवळ पुढे खेळाडूंनी आपल्या हाती घेतली. एका अर्थी, हे गुटमन यांच्याच शिकवणीचे फळ होते. ज्याला स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकवले, तो उद्या डॉक्टरांचेही सारे ऐकणार नाही.

मानसन्मान यथावकाश आले. 1966 मध्ये ब्रिटनने त्यांना सर ही पदवी दिली. 1969 मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे अपंगांसाठी क्रीडासंकुल उभे राहिले आणि त्याचे उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी केले. 1961 मध्ये त्यांनी मज्जारज्जूच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली होती. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा या विषयावरील ग्रंथ अनेक देशांतील डॉक्टरांचा आधार ठरला. 1976 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. 18 मार्च 1980 रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, सर लुडविग गुटमन यांचे निधन झाले.

2012 मध्ये पॅरालिंपिक लंडनला आले, तेव्हा स्पर्धेच्या शुभंकराचे नाव मँडेव्हिल ठेवले गेले आणि क्रीडानगरीच्या महापौर होत्या गुटमन यांची कन्या इव्हा. 1939 मध्ये बापाचे बोट धरून निर्वासित म्हणून इंग्लंडात आलेली हीच ती मुलगी. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकची ज्योतही स्टोक मँडेव्हिलमध्ये प्रज्वलित करून समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला नेण्यात आली.

पदके आणि ज्योती यांपेक्षा गुटमन यांचा मोठा वारसा मात्र घराघरांत आहे आणि तो दिसत नाही. सकाळी टायरची हवा दाबून पाहणारा, बसल्या जागी हात टेकून अंग उचलणारा, रात्री आरशात कातडी तपासणारा माणूस तो चालवतो आहे. त्याचे काम तो करतो. उरते ते इतरांचे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार, हे प्रमाण जगभर मान्य आहे. तरीही आपल्या शहरांत कित्येक इमारतींच्या दाराशी तीनच पायऱ्या असतात आणि उतार नसतो. असला तर त्यावर दुचाकी उभी असते. 1917 मध्ये खाटेभोवती ओढलेला पडदा एका तरुणाला खुपला आणि त्याने तो आयुष्य वेचून बाजूला सारला. दाराशी असलेल्या त्या तीन पायऱ्याही पडद्याचेच काम करत असतात. त्या खुपायला मात्र डॉक्टर असण्याची गरज नाही.